न केलेल्या सहीचा करार

बँकेच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला एक वाक्य झोपेतही म्हणता येते: 'पूर्ण व अंतिम समाधानार्थ रक्कम पावली.' थकलेल्या कर्जाची एकरकमी तडजोड झाली की हे वाक्य कागदावर येते आणि त्याखाली सही पडते. सहीवाचून तो नुसता कागद असतो. सही झाली की पुढे कितीही पश्चात्ताप झाला तरी दार बंद. सही करणाऱ्याला समोर बसवून, कागद वाचून दाखवून आणि 'समजले का?' असे विचारून मगच बोट शाईत बुडवायला सांगावे, ही आमच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांना लावलेली शिस्त होती.

परंतु कायद्याच्या दुनियेत तडजोडीचा असाही एक प्रकार आहे की जिथे सही दोघा-चौघांची असते आणि बांधले जातात हजारो, कधी लाखो. हे हजारो न्यायालयात आलेले नसतात. त्यांना तारीख ठाऊक नसते, वकील ठाऊक नसतो, कित्येकदा आपला दावा चालू आहे हेही ठाऊक नसते. एके दिवशी त्यांना कळते की आपले प्रकरण मिटले. कुणी मिटवले? आपल्याच वतीने कुणीतरी. अशा तडजोडीवर न्यायालयाची मोहोर उमटते तेव्हा न्यायाधीश नेमके काय तपासतो आणि काय तपासायला हवे, हा प्रश्न वकिलांपुरता नाही. राजुऱ्यासारख्या तालुक्यात, जिथे जमीन कोळशाखाली जाते आणि गावेच्या गावे एका वाटाघाटीत बांधली जातात, तिथे तो घरातला प्रश्न आहे.

अनेकांच्या वतीने एकाने भांडावे ही कल्पना आपल्याला परकी नाही. एकत्र कुटुंबाचा कर्ता दावा लावतो तेव्हा तो धाकट्या भावांसाठी, विधवा भावजयीसाठी, पाळण्यातल्या पोरासाठीही लावत असतो. गायरानाच्या किंवा पाणंदीच्या वहिवाटीसाठी दोन-चार गावकरी पुढे होतात आणि निकाल साऱ्या गावाला लागू होतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १, नियम ८ म्हणून ही सोय आहे. पण कर्ता फितूर झाला तर? गावाचा पुढारी समोरच्याशी आतून जुळवून घेऊन बसला तर? ही शंका कायदे करणाऱ्यांना उशिरा का होईना, आली. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आदेश २३, नियम ३-ब घालण्यात आला. त्याचा अर्थ सरळ आहे: प्रातिनिधिक दाव्यात न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीवाचून केलेली तडजोड रद्दबातल. परवानगी देण्याआधी न्यायालयाने ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना, योग्य वाटेल त्या रीतीने, नोटीस द्यायची. कर्त्याने लावलेला दावाही यात स्पष्टीकरणाने आणला आहे. माझ्या मते त्या संहितेतल्या सर्वांत शहाण्या नियमांपैकी हा एक आहे, आणि देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक तडजोड झाली तेव्हा नेमका तोच बाजूला राहिला.

ती तडजोड म्हणजे भोपाळची. त्यात जे घडले ते आकड्यांनिशी पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे, कारण 'पैसे कमी मिळाले' एवढ्या एका वाक्यात आपण ते गुंडाळून ठेवले आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायू सुटला. १९८५ च्या मार्चमध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा आणि तो मिटवण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. हेतू चांगला होता. अमेरिकेहून विमानाने उतरलेले वकील झोपडपट्टीत फिरून कागदांवर अंगठे घेत होते. सरकार कर्ता झाले, पण कर्ता स्वतः या प्रकरणात अगदीच तिऱ्हाईत नव्हता. युनियन कार्बाइडच्या भारतीय उपकंपनीत सरकारी वित्तसंस्थांचे भाग होते, आणि कारखान्याला परवाने देणारे, तपासणी करणारे खातेही सरकारचेच. कुठल्याही बँकेत, ज्या शाखाधिकाऱ्याने कर्ज दिले त्यालाच त्याच्या चौकशीवर बसवत नाहीत. असो.

न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी मे १९८६ मध्ये हे प्रकरण भारतात चालवा म्हणून परत पाठवले. भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा उभा राहिला. तिथले न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई द्यावी असा हुकूम केला. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८८ मध्ये ती २५० कोटींवर आणली. आणि त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे न्यायालयापुढे प्रश्न होता तो अंतरिम मदतीचा. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी, त्या अपिलाच्या सुनावणीतच, सगळे प्रकरण मिटवल्याचा आदेश झाला. रक्कम ४७ कोटी डॉलर. त्यात आजचे दावे आले, उद्याचे आले, दिवाणी आले आणि फौजदारीसुद्धा आले. सरकारने मागितले होते ३३० कोटी डॉलर. पीडितांना नोटीस नाही, वर्तमानपत्रात प्रस्ताव नाही, कुणाची हरकत ऐकणे नाही. रक्कम याच आकड्यावर का ठरली, याची कारणे न्यायालयाने दिली ती ४ मे रोजी. निकाल फेब्रुवारीत आणि कारणे मे महिन्यात!

ती कारणे मी हिशेबाच्या सवयीने पाहिली आहेत. बेरीज चोख आहे. ३,००० मृत्यू धरून ७० कोटी. ३०,००० कायम अपंगत्व धरून २५० कोटी. तात्पुरते अपंगत्व आलेले २०,००० धरून १०० कोटी. अत्यंत गंभीर अशा २,००० जणांना ८० कोटी. विशेष वैद्यकीय सोयींसाठी २५ कोटी. आणि किरकोळ इजा, मालमत्ता, गुरेढोरे वगैरेंसाठी २२५ कोटी. एकूण ७५० कोटी. ताळेबंद जुळतो. जुळत नाही ते एवढेच, की पहिला रकानाच अंदाजाने भरलेला होता. दाव्यांची छाननी पुरी व्हायची होती. पुढे दावा न्यायाधिकरणांनी वर्षानुवर्षे बसून जो निवाडा केला त्यात मृत्यू ठरले ५,२९५ आणि भरपाईस पात्र ठरलेले एकूण जण ५ लाख ७४ हजारांवर. ७५० कोटींना या संख्येने भागा. माणशी सुमारे १३ हजार रुपये पडतात.

प्रत्यक्षात त्याहून अधिक मिळाले हे खरे. पण का मिळाले? रक्कम डॉलरमध्ये राहिली, वाटपाला उशीर झाला, मधल्या काळात रुपया घसरला आणि व्याज साचत गेले. बहुसंख्य पीडितांच्या हाती पहिल्या फेरीत २५ हजार पडले. त्यापूर्वी दरमहा २०० रुपयांचे जे अंतरिम साहाय्य दिले जात होते तेही त्यातून वळते करून घेतले गेले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उरलेले १,५०३ कोटी त्याच प्रमाणात पुन्हा वाटले गेले. तडजोड अपुरी नव्हती याचा पुरावा म्हणून ही शिल्लक दाखवली जाते. सरकारी दिरंगाई आणि रुपयाचे अवमूल्यन यांनी मिळून जी भर घातली तिचे श्रेय तडजोडीला देणे म्हणजे दुष्काळात विहीर आटली आणि तळाशी हंडा सापडला म्हणून दुष्काळाचे आभार मानण्यासारखे आहे.

आता न्यायालयाने नंतर काय म्हटले ते पाहू. या लेखाचा खरा विषय तो आहे. २२ डिसेंबर १९८९ च्या निकालात घटनापीठाने १९८५ चा कायदा वैध ठरवला, पण तडजोडीपूर्वी पीडितांना ऐकायला हवे होते हेही मान्य केले. मग तडजोड रद्द करायची का? नाही. पुनर्विलोकनाच्या याचिका प्रलंबित आहेत, तिथे त्यांना बोलता येईल, तेवढे पुरे. मोठे भले साधण्यासाठी क्वचित थोडे वावगे चालवून घ्यावे लागते, असा त्या निकालाचा सूर होता. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी पुनर्विलोकनाचा निकाल आला. फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले ही मोठी गोष्ट. पण रक्कम तीच राहिली. अमेरिकेत अशा तडजोडीआधी न्याय्यतेची सुनावणी अनिवार्य असते, तशी ती इथे नाही. पीडितांच्या मतांची सरकारने 'योग्य दखल' घ्यायची एवढेच कायदा म्हणतो. आणि हा नेहमीच्या अर्थाने प्रातिनिधिक दावा नसल्यामुळे आदेश २३ चा तो नियमही इथे जसाच्या तसा लागत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. निधी कमी पडला तर केंद्र सरकारने भर घालावी असे बहुमताने सांगितले. करदात्यांवर हा बोजा का, म्हणून न्या. अहमदी यांनी त्या मुद्द्यावर वेगळे मत नोंदवले. आज लक्षणे नाहीत पण उद्या दिसू शकतील अशा सुमारे एक लाख लोकांसाठी सरकारने वैद्यकीय विमा उतरवावा असेही ठरले.

त्या विम्याचे काय झाले ते कळायला १४ मार्च २०२३ उजाडावा लागला. रक्कम वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०१० मध्ये केलेली उपचारात्मक याचिका त्या दिवशी न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी फेटाळली. एकदा केलेली तडजोड इतक्या वर्षांनी मोडता येणार नाही, आणि १९९१ साली सांगूनही सरकारने विमा उतरवलाच नाही हा घोर निष्काळजीपणा आहे, असे न्यायालयाने सुनावले. म्हणजे कर्त्याने केलेली तडजोड कुटुंबावर बंधनकारक, आणि कर्त्याने केलेली हयगयही कुटुंबाच्याच माथी.

'पाच लाख लोकांना ऐकत बसला असता तर आणखी वीस वर्षे गेली असती, तोवर माणसे मेली असती' हा युक्तिवाद मी अनेक शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. औषधाला पैसा नसलेल्या माणसाला घटनात्मक तत्त्वे पाजून उपयोग नसतो. पण त्याच १९८४ साली अमेरिकेत काय झाले ते पाहा. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या 'एजंट ऑरेंज' या विषारी द्रव्याने आजारी पडलेल्या सैनिकांचा रसायन कंपन्यांविरुद्धचा सामूहिक दावा मे महिन्यात १८ कोटी डॉलरला मिटला. न्यायाधीश वाइनस्टाइन यांनी त्यावर लगेच शिक्का मारला नाही. ऑगस्टमध्ये ते पाच शहरांत गेले, खुली सुनावणी ठेवली आणि सैनिकांचे, त्यांच्या बायकांचे म्हणणे ऐकले. भोपाळच्या चार महिने आधीची ही गोष्ट. लाखोंचा समूह होता, तरी ऐकण्याचे काम एका महिन्यात उरकता आले. त्या सुनावणीने रक्कम एका डॉलरनेही वाढली नाही, आणि सैनिकांच्या हाती पडले तेही तुटपुंजेच, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथेही १९९४ मध्ये निधी संपला आणि त्यानंतर ज्यांचा कर्करोग उघडकीस आला त्यांना काहीच उरले नाही. पण २००१ साली तिथल्या अपिली न्यायालयाने म्हटले की या लोकांच्या हिताकडे त्या तडजोडीत कुणी पाहिलेलेच नव्हते, तेव्हा ती त्यांना बांधू शकत नाही. आजचा रोगी आणि उद्याचा रोगी यांना एकाच वकिलाने सांभाळायचे म्हटले की उद्याच्याचा बळी जातो, हे त्या न्यायालयाने ओळखले. भोपाळच्या 'उद्याच्या' रोग्याला मिळाला तो न उतरवलेला विमा.

समूहातल्या लोकांना ऐकणे ही सौजन्याची बाब आहे असे आपल्याकडे मानले जाते. मला ते त्याहून वेगळे वाटते. माहिती त्यांच्याजवळच असते. ३,००० की ५,२९५, हे दिल्लीत बसून कळत नाही. ते जयप्रकाशनगरच्या गल्लीत विचारावे लागते. कर्ज मंजूर करण्यापूर्वी आम्ही शेतावर जाऊन पाहणी करायचो ती शेतकऱ्याचा मान राखण्यासाठी नव्हे. सातबाऱ्यावर विहीर असते आणि शेतात नसते, म्हणून.

नुसते विचारून भागत नाही, हे पुढच्या काळाने दाखवले. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हा सामूहिक दावा नव्हे हे मान्य, पण रचना तीच: हजारो लोकांचे पैसे, एक तडजोडीची योजना, आणि तिच्यावर न्यायाधिकरणाची मोहोर. भोपाळात कुणालाच विचारले नव्हते. इथे सर्वांना विचारले. मुदत ठेवीदारांना एक प्राधिकृत प्रतिनिधी दिला, मतदान घेतले. फक्त मत मोजले ते रुपयांच्या वजनाने. एकूण मान्य दावे सुमारे ८७ हजार कोटींचे, त्यात मुदत ठेवीदारांचे पाच हजार कोटींच्या थोडे वर. म्हणजे मतांत वाटा जेमतेम सहा टक्के, आणि योजना मंजूर व्हायला लागतात ६६ टक्के. ठेवीदारांनी एकमुखाने 'नाही' म्हटले असते तरी काय फरक पडणार होता? जानेवारी २०२१ मध्ये धनको समितीने पिरामल समूहाची योजना ९३.६५ टक्के मतांनी मंजूर केली. अगदी लहान ठेवींना झुकते माप मिळाले. बाकीच्या ठेवीदारांच्या वाट्याला रुपयामागे सुमारे २३ पैसे आले.

मुंबईच्या न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये योजनेला मंजुरी देताना लहान गुंतवणूकदारांच्या वाट्याचा फेरविचार करावा असे धनको समितीला सुचवले. समितीने ते मानले नाही. न्यायाधिकरण हुकूम का करू शकले नाही? कारण धनको समितीच्या व्यावहारिक शहाणपणात न्यायालयाने हात घालायचा नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून पक्के केलेले आहे. १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना कायम केली.

त्या समितीत बसलेल्या बँकांचा मी शत्रू नाही. माझे निवृत्तिवेतन एका बँकेतूनच येते. पण बँकेचे बुडीत कर्ज आणि निवृत्त शिक्षकाची बुडीत ठेव एकाच तराजूत तोलता येत नाही. बँक तो तोटा आधीच तरतुदीत दाखवून बसलेली असते, आणि वसूल झालेला प्रत्येक पैसा तिला नफा असतो. शिक्षकाच्या ताळेबंदात तरतुदीचा रकाना नसतो. दोघांचे हित वेगळे असेल तर बहुसंख्येचे मत हे दोघांचे मत कसे होईल? तडजोड मंजूर करणाऱ्या न्यायाधीशाचे काम इथूनच सुरू व्हायला हवे, आणि नेमके इथेच आपण त्याचे हात बांधले आहेत.

कंपनी कायद्याच्या कलम २४५ ने २०१६ पासून भागधारकांना आणि ठेवीदारांना सामूहिक दाव्याचा हक्क दिला आहे. न्यायाधिकरणाचा आदेश त्यात सर्वांवर बंधनकारक असतो, आणि एखाद्या सभासदाला त्यातून बाहेर पडायचे तर न्यायाधिकरणाची परवानगी लागते. त्याच कलमात एक लहानसे पोटकलम आहे: यातले काहीही बँकिंग कंपनीला लागू होणार नाही. आमच्या व्यवसायाने स्वतःसाठी छत्री कशी मिळवली, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता राजुऱ्याकडे येतो. हा तालुका समूह म्हणून इकडून तिकडे हलवला जाण्याला सरावलेला आहे. निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६ मध्ये नांदेडला जोडला, १९५९ मध्ये चांद्याला. वर्धा नदीच्या अलीकडे काळी जमीन आहे, कापूस आणि तूर पिकवणारी, आणि तिच्याखाली कोळसा आहे. सास्ती, गौरी, पोवनी ही नावे इथल्या पोरांना गावे म्हणून कमी आणि खाणी म्हणून अधिक ठाऊक आहेत. १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्यात भरपाई कराराने ठरू शकत असेल तर कराराने, नाही तर न्यायाधिकरणाने, असे कलम १४ सांगते. व्यवहारात गाव करारालाच येते. प्रकल्पग्रस्तांची समिती बसते, कंपनीचे अधिकारी बसतात, दर ठरतो, नोकरी ठरते. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे दोन एकरांमागे एक नोकरी, आणि दोन एकरांहून कमी असलेल्यांनी आपली जमीन एकत्र करून आपल्यातल्या एकाचे नाव द्यावे अशी मुभा आहे.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या 'एकत्र करून' शब्दांत एक अख्खे घर दिसते. सव्वा एकराचा मोठा भाऊ, पाऊण एकराची विधवा बहीण. नाव लागते भाच्याचे नव्हे, पुतण्याचे. बाकीच्यांनी संमतिपत्रावर अंगठे करायचे. पुतण्याने दरमहा काही रक्कम आत्याला द्यावी असे घरात ठरते आणि त्याचे लग्न होईपर्यंत पाळलेही जाते. पुढे ती बाई पासबुक घेऊन काउंटरवर येते आणि विचारते, 'साहेब, या महिन्याचे आले का जी?' समिती गावाशी प्रामाणिक असेलही. पण गाव म्हणजे एक हित नव्हे. ओलितवाला, कोरडवाहूवाला, बहीण, आणि मक्त्याने जमीन करणारा, ज्याचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही; यांच्यातले कोण कुणाचे प्रतिनिधित्व करते हे या करारात कुणीही तपासत नाही, कारण तो कुठल्याच न्यायाधीशापुढे जात नाही.

जिथे प्रकरण न्यायव्यवस्थेपुढे जाते तिथे वेगळीच गंमत आहे. जुन्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली कलम २८-अ आले. एकाच बांधाला लागून दोघांची जमीन गेली. एकाने वाढीव भरपाईसाठी न्यायालयात धाव घेतली, दुसरा ऐपत नसल्याने किंवा न समजल्याने गप्प बसला. पहिल्याला न्यायालयाने वाढवून दिले तर दुसऱ्यानेही तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून तोच दर मागावा, अशी ती तरतूद. २०१३ च्या नव्या कायद्यातही ती कलम ७३ म्हणून आहे. गरिबासाठी याहून उपयुक्त कलमे फार थोडी असतील. पण पहिल्याचे प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटले तर? ३ फेब्रुवारी २०२२ रोजी नोएडा प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लोकअदालतीचा निवाडा हा या कलमासाठी न्यायालयाचा निवाडा नव्हे. त्याच्या आधारे दुसऱ्याला अर्ज करता येणार नाही.

कायद्याच्या तर्कात खोट काढणे कठीण आहे. लोकअदालत निर्णय देत नाही, ती समेट नोंदवते. आणि समेट ज्यांनी केला त्यांचाच. पण हा तर्क भोपाळच्या शेजारी ठेवून पाहा. तिथे सही न केलेला माणूसही तडजोडीने बांधला गेला. इथे सही केली नाही म्हणून तडजोडीचा लाभ नाही. तोटा असेल तेव्हा तू समूहातला, आणि लाभ असेल तेव्हा तू एकटा!

याचा परिणाम चतुर संपादन संस्थेच्या लक्षात येणार नाही असे थोडेच आहे? गावातले दहाजण न्यायालयात गेले असतील आणि पन्नास गप्प असतील तर दहांशी लोकअदालतीत थोड्या बऱ्या दराने मिटवावे. पन्नासांचा हक्क आपोआप सरतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलही नाही. त्या पॅनेलने न्याय, समानता आणि रास्त व्यवहार या तत्त्वांनी चालावे असे तोच कायदा सांगतो. तेव्हा भूसंपादनाचे प्रकरण समोर येईल त्या वेळी 'याच गटातले इतर खातेदार किती आणि त्यांचे काय?' एवढा एक प्रश्न पॅनेलने विचारावा, उत्तर निवाड्यात लिहावे, आणि तोच दर इतरांना देण्याची लेखी हमी संपादन संस्था देत नसेल तर प्रकरण न्यायालयाकडे परत पाठवावे. दहाजणांना काही महिने थांबावे लागेल. त्यांना ते आवडणार नाही, आणि त्यांच्या वकिलांना तर मुळीच आवडणार नाही.

नोटिशीचेही तसेच. आदेश २३ मध्ये 'योग्य वाटेल त्या रीतीने' असे मोघम शब्द आहेत, आणि त्याचा अर्थ व्यवहारात होतो एखाद्या दैनिकाच्या आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापलेली जाहिरात. राजुऱ्याच्या रानातल्या कोलाम गुड्यावर ते दैनिक पोचत नाही. पोचले तरी तिथे घरात भाषा कोलामी, बाजारात तेलुगू आणि शाळेत मराठी. पण हेच मोघम शब्द न्यायाधीशाला मोकळीकही देतात. तडजोडीचा मसुदा, माणशी पडणारी रक्कम आणि हरकतीची शेवटची तारीख ग्रामसभेत त्या गावच्या बोलीत वाचून दाखवा, आणि वाचल्याचा पंचनामा न्यायालयात दाखल करा, असा आदेश द्यायला त्याला कुठलाही नवा कायदा लागत नाही. जप्तीची आणि लिलावाची दवंडी पिटण्याची पद्धत आपल्या महसूल खात्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती पिटणाऱ्या कोतवालाला आता महसूल सेवक म्हणतात. त्याला एवढे एक काम अधिक सांगायचे.